कच्च्या वहीची कैफियत

आमचे अण्णा सांगलीत एका अडत दुकानावर दिवाणजी होते. त्यांनी मला आयुष्यात एकदाच मारले, आणि तेही ऐन दिवाळीत. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. नव्या वह्या लाल बासनातून काढून पाटावर मांडल्या होत्या आणि शेजारी सरत्या वर्षाची रोजकीर्द उघडी पडली होती. माझे वय नऊ. कीर्दीच्या एका पानावर हळदीच्या पोत्यांचा आकडा चुकलेला माझ्या ध्यानात आला (त्या वयात आपल्याला सगळ्यांच्या चुका दिसतात), आणि अण्णांना मदत करावी या शुद्ध हेतूने मी दाढीच्या पात्याने तो आकडा खरवडून त्याजागी बरोबर आकडा घातला. अण्णांनी ते पाहिले आणि माझ्या कानशिलात लगावली. रात्री राग निवल्यावर त्यांनी मला जवळ घेऊन समजावले की कीर्दीत खाडाखोड करायची नसते. चूक झाली तर ती तशीच राहू द्यायची, आणि ज्या दिवशी ती उमगली त्या दिवसाच्या तारखेने खाली उलटी नोंद घालायची: अमुक मितीस अमुक रक्कम चुकून पडली, ती आज फिरवली. चूकही दिसली पाहिजे, दुरुस्तीही दिसली पाहिजे, आणि दोन्ही कोणाच्या हातच्या हेही कळले पाहिजे.

हा धडा मी पुढे कॉलेजात गेल्यावर विसरलो; कारण तिथे मला विज्ञान शिकवण्यात आले.

ज्या वाचकांनी विज्ञानशाखेचे तोंड पाहिले आहे त्यांना 'जर्नल' म्हणजे काय ते सांगावयास नको. प्रयोगशाळेत आकडे टिपावयाचे ते कच्च्या वहीत, आणि घरी येऊन सुवाच्य अक्षरात उतरावयाचे ते जर्नलात. माझ्या लोलकाने गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाचे मूल्य ९१२ दिले. पुस्तकात सुमारे ९८० होते. मागच्या वर्षीच्या एका हुशार मुलाच्या जर्नलात ९७९ होते. माझ्या जर्नलात किती आले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. मास्तरांनी सही केली, परीक्षकांनी गुण दिले, आणि कच्ची वही रद्दीत गेली. तो ९१२ कोठून आला, दोरी मोजताना मी चुकलो की घड्याळ दाबताना, हे शोधण्यात जे काही विज्ञान होते ते रद्दीवाल्याने किलोच्या भावाने नेले. आमच्या वर्गातल्या साठ मुलांनी हेच केले, आणि त्यांतील काही आज प्राध्यापक आहेत.

सणासुदीला कोणी भांडण घेऊन दारात येऊ नये हे मला ठाऊक आहे. तरी मी या कच्च्या वहीचे भांडण घेऊन आलो आहे, कारण ही वही रद्दीत टाकण्याची आमची सवय आता लोलकापुरती राहिलेली नाही.

आजच्या संशोधनात पुष्कळसे काम प्रोग्रॅम करतो. पाऊस मोजणारे असोत, औषध शोधणारे असोत, की आकाशातील तारे पाहणारे असोत, आकडे हाती आले की ते प्रोग्रॅममध्ये जातात आणि निष्कर्ष होऊन बाहेर पडतात. प्रोग्रॅम म्हणजे दुसरे तिसरे काही नव्हे, यंत्राला दिलेल्या सूचनांची लांबलचक यादी. ती रोज बदलते, आणि एका संशोधनात चार-सहा माणसांचे हात तिला लागतात. अशा यादीतला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, आणि का केला, हे टिपून ठेवण्याची सोय निदान पन्नास वर्षे अस्तित्वात आहे. १९७२ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तिचा पहिला अवतार झाला. आज जो अवतार जगभर चालतो त्याचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थाने तो एप्रिल २००५ मध्ये रचला. 'लिनक्स' हा जो प्रचंड प्रोग्रॅम हजारो लोक मिळून लिहितात, त्यासाठी वापरात असलेले परक्या कंपनीचे साधन फुकट मिळेनासे झाले, म्हणून त्याने काही दिवसांतच स्वतःचे साधन तयार केले. इंग्रजी बोलभाषेत 'गिट' म्हणजे खडूस, नकोसा माणूस. आपण आपल्या सर्व कृतींना स्वतःचेच नाव देतो, असा विनोदही त्याने त्यावर केला.

याला मराठीत 'आवृत्ती नियंत्रण' म्हणता येईल. पण नियंत्रण म्हटले की मला रॉकेलची रांग आठवते. मी त्याला कीर्दच म्हणेन. या कीर्दीत पान फाडता येत नाही असे नाही. पण प्रत्येक नोंदीला, जिला 'कमिट' म्हणतात, तिच्यातील मजकुरावरून आणि तिच्या आधीच्या नोंदीवरून काढलेली एक लांबलचक खूण असते. जुन्या नोंदीत काना-मात्रा बदलली तरी तिची खूण बदलते, आणि पुढच्या सगळ्या नोंदींच्या खुणा बदलतात. ज्यांच्याजवळ त्या कीर्दीची प्रत आहे त्यांच्यापासून ती खाडाखोड लपत नाही. शिवाय प्रत प्रत्येकाजवळ असते, पुरी, पहिल्या दिवसापासूनची. अण्णांना हे आवडले असते.

मला मात्र हे ठाऊक नव्हते. म्हणजे नाव ऐकले होते. पण ते कॉम्प्युटरवाल्यांचे काम, आपण पावसावर संशोधन करणारी माणसे, असे मी मानीत होतो.

२०११ साली पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत आम्ही चौघे एकाच प्रोग्रॅमवर काम करीत होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. कारण तिथे जे होत होते ते इतरत्रही होत होते. प्रोग्रॅमच्या प्रती ईमेलने आणि पेन ड्राइव्हने या टेबलावरून त्या टेबलावर जात. फाइलींची नावे अशी: 'पाऊस अंतिम', 'पाऊस अंतिम २', 'पाऊस खरोखर अंतिम', 'पाऊस सरांनी पाहिलेला'. घाटमाथ्यावरील एका तालुक्याचा तीस वर्षांचा पाऊस आम्ही तपासत होतो. पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात. परंतु माणूस आजारी पडतो, मापक गळतो, आणि काही दिवसांची नोंद होत नाही. अशा दिवसापुढे उणे ९९९ असा खुणेचा आकडा घालण्याची पद्धत होती. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ अशी होती की उणे आकडा दिसला की तिथे शून्य धरावे.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. 'मोजले नाही' आणि 'पडला नाही' या दोन गोष्टी एक नव्हेत. गेल्या काही वर्षांत त्या तालुक्यात न मोजलेले दिवस वाढत गेले होते. त्या सर्व दिवशी आमच्या प्रोग्रॅमने कोरडे आकाश दाखविले.

आमच्या गटात एक विद्यार्थिनी होती. पीएच.डी.चे तिचे दुसरे वर्ष. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिने ती ओळ बदलून न मोजलेले दिवस हिशेबातून वगळले, आणि नवी प्रत सर्वांना पाठविली. मी त्या वेळी माझ्याजवळच्या जुन्या प्रतीत आलेख काढण्याची सोय घालीत बसलो होतो. तिची ईमेल मी उघडलीच नाही. महिन्याभराने माझे काम संपले तेव्हा मी माझी प्रत सर्वांना पाठविली, आणि वर लिहिले की हीच शेवटची माना, बाकीच्या काढून टाका. मी तिला वडील होतो. तिने काढून टाकल्या.

तालुक्याचा पाऊस घटत चालला आहे असा आमचा निबंध प्रसिद्ध झाला. एका वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली. त्यानंतर २०१३ साली त्या तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांचे टपाल आले. ते वीस वर्षे आपल्या अंगणात स्वतः पाऊस मोजीत होते, आणि त्यांनी आपल्या वहीच्या झेरॉक्स प्रती पाठविल्या होत्या. त्या वहीत खोडलेले आकडे होतेच; पण प्रत्येक खोडलेला आकडा वाचता येत होता. त्यांचा पाऊस घटलेला नव्हता.

मग बैठक झाली. अखेरचा हिशेब प्रोग्रॅमवर कोणी चालवला होता? विद्यार्थिनीने. ती म्हणाली, "सर, ती ओळ मी बदलली होती." तिच्या संगणकावरील प्रत उघडून पाहिली, तर ओळ जुनीच होती. तिच्याजवळ पुरावा नव्हता, कारण तो मीच तिला पुसावयास लावला होता. मी खोटे बोललो नाही. मला खरोखरच वाटले की तिची चूक असावी आणि ती घाबरून काहीतरी सांगत असावी. नियतकालिकात दुरुस्तिपत्र छापून आले. सहा महिन्यांनी तिने संशोधन सोडले. घरच्या अडचणी, असे अर्जात लिहिले होते, आणि आम्ही सर्वांनी ते मानून घेतले.

२०२० च्या टाळेबंदीत, संस्था बंद असताना, एमएस्सीच्या एका मुलाने मला दूरवरून, संगणकाच्या पडद्यावरून, गिट शिकविले. तो बावीस वर्षांचा आणि मी सत्तेचाळीस. माझी फजिती लपवून ठेवणार नाही. पहिलीच नोंद करावयास गेलो तर एक काळा पडदा उघडला, आणि त्यातून बाहेर कसे यावे ते कळेना. शेवटी मी यंत्रच बंद केले. दुसऱ्या दिवशी यंत्राने मला कळवले की माझे 'हेड' 'डिटॅच्ड' झाले आहे. शिर धडावेगळे झाल्याची वार्ता इतक्या थंडपणे मला कोणी दिली नव्हती. या साधनाच्या आज्ञांची नावे ज्यांनी ठेवली त्यांना भाषेचे शिक्षण मिळाले नसावे, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु रोजच्या कामाला पाच-सहा आज्ञा पुरतात, आणि त्या पंधरवड्यात हाताला वळण पडते. शास्त्रज्ञांना हीच कामे शिकविण्यासाठी १९९८ पासून 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' नावाचा उपक्रम चालतो. त्याचे धडे फुकट वाचावयास मिळतात. मी दोन दिवसांत गिटचा धडा संपविला. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी माझे दोन दिवस वाचले होते.

२०२३ साली जुने काम नव्याने मांडावयाचे ठरले, तेव्हा माझ्या मनात आले की त्या जुन्या प्रती ईमेलमधून शोधून, ज्याने पाठविली त्याच्या नावाने आणि त्या त्या तारखेने, एकामागून एक कीर्दीत चढवाव्या. दोन रविवार लागले. तिची न उघडलेली ईमेलही तेव्हाच उघडली. गिटमध्ये एक आज्ञा आहे, तिचे नावच 'ब्लेम', म्हणजे दोष. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटी कोणाच्या हातून आली त्याचे नाव आणि तारीख ती दाखवते. मी ती आज्ञा दिली. उणे आकड्याला शून्य करणाऱ्या त्या ओळीपुढे एप्रिल २०११ ची तारीख होती आणि माझे नाव होते.

मी ती ओळ हाताने बदलली नव्हती. माझी प्रत फक्त जुनी होती, आणि ती मी नव्या कामावर दडपून बसविली. गिट हे नेमके कसे टाळते ते सांगतो, कारण सगळी मौज इथे आहे. दोघांच्या प्रती समोर आल्या की ते दोघांची समाईक मूळ प्रत काढून पाहते. तिने मुळात काय बदलले, मी मुळात काय बदलले, हे वेगवेगळे ताडून पाहते. आणि बदल वेगवेगळ्या जागी असले तर दोन्ही ठेवते. तिची दुरुस्तीही राहिली असती आणि माझा आलेखही. दोघांनी एकच ओळ बदलली असती तर ते अडून बसले असते, आणि दोन्ही ओळी समोर मांडून म्हणाले असते, तुम्ही माणसे ठरवा. वडीलकीने जुनी प्रत पुढे रेटण्याची सोय त्यात नाही असे मी म्हणत नाही. पण तशी रेटली तर तिची नोंद राहते. त्या वेळी गिट सहा वर्षांचे झाले होते. फुकट होते. एका मुलीच्या पीएच.डी.ची किंमत माझ्या दोन दिवसांच्या आळसाइतकी ठरली.

हे सर्व मी आमच्या अभ्यासक्रम समितीपुढे मांडले. मागणी मोठी नव्हती. नव्या संशोधक विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात सहा तासांचा वर्ग, आणि वार्षिक परीक्षणाच्या वेळी निबंधाच्या मसुद्याबरोबर प्रोग्रॅमची कीर्दही पाहणे, एवढेच. समितीवरील मंडळी सज्जन आहेत. त्यांनी चहा दिला, आणि मागणी फेटाळली.

एक म्हणाले, आपण शास्त्रज्ञ, प्रोग्रॅमर नव्हे. हे वाक्य मी स्वतः वीस वर्षे बोलत आलो, म्हणून त्याचा पोकळपणा मला आतून ठाऊक आहे. रसायनशास्त्रज्ञ असे म्हणतो काय, की मी शास्त्रज्ञ आहे, परीक्षानळी धुणारा नव्हे, तेव्हा नळी मळकी असली तरी माझा निष्कर्ष मान्य करा? अमेरिकेतील एका नामवंत प्रयोगशाळेने पेशीच्या आवरणातील प्रथिनांची रचना २००१ पासून प्रसिद्ध केली. पुढे स्वित्झर्लंडमधील संशोधकांना तशाच एका प्रथिनाची रचना वेगळी आढळली, तेव्हा तपास झाला. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून वारसाहक्काने आलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमने आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे सबंध रचना आरशातल्या हातासारखी उलटी झाली होती. डिसेंबर २००६ मध्ये त्या शास्त्रज्ञाने आपल्या चुकीची जाहीर कबुली दिली आणि पाच निबंध मागे घेतले. त्या कबुलीबद्दल मला आदर आहे. कीर्द असती म्हणून चूक झालीच नसती असे मी म्हणणार नाही, कारण कीर्द चूक ओळखत नाही. पण प्रोग्रॅम घरात आला तो दिवस, त्यातला प्रत्येक बदल, आणि कोणता निष्कर्ष कोणत्या प्रतीने काढला, हे ती सांगू शकते. वारशाने आलेल्या घराचा सातबारा पाहतो तसा वारशाने आलेला प्रोग्रॅम पाहावा, इतकेच.

दुसरे म्हणाले, आमचे प्रोग्रॅम दुसऱ्याला दाखवण्यासारखे नसतात हो. हा विनय नव्हे, ही भीती आहे. २०२० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ज्या गणितावर साथीचे अंदाज उभे होते, तो प्रोग्रॅम तेरा वर्षांहून जुना, हजारो ओळींचा आणि टिपणांवाचून लिहिलेला होता, हे त्याच्या कर्त्यानेच सांगितले. मग बाहेरच्या मंडळींच्या मदतीने तो साफसूफ करून एप्रिलमध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि त्यावर टीकेची झोड उठली. पुढे केंब्रिजच्या एका संशोधकाने तो चालवून पाहिला, तर मुख्य निष्कर्ष पुन्हा तसेच निघाले. म्हणजे हिशेब खोटा नव्हता. वही मात्र कोणाला दाखवण्याच्या स्थितीत नव्हती, आणि जगाला जेव्हा भरवसा हवा होता नेमके तेव्हा ते उघडकीस आले.

तिसरे सगळ्यांत वडील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळ्या चुका तारीखवार टिपून ठेवल्या, तर उद्या कोणीतरी त्या काढून दाखवील." समितीत बोलला गेलेला हा एकमेव प्रामाणिक आक्षेप होता. त्याला उत्तर देणे मला भाग आहे, कारण ही भीती खोटी नाही. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगापुढे आली, आणि त्या कामातील केटी बॉमन या तरुण शास्त्रज्ञेचे छायाचित्र सर्वत्र झळकले. लगेच काही टवाळखोरांनी त्या प्रोग्रॅमची खुली कीर्द उघडली आणि ओळी मोजून जाहीर केले की आठ लाख पन्नास हजार ओळी तिच्या एका पुरुष सहकाऱ्याच्या नावावर आहेत, तेव्हा श्रेय त्याचे. त्या सहकाऱ्याने, अँड्र्यू चेल याने, स्वतः पुढे होऊन सांगितले की हा आकडा चुकीचा आहे. चालू प्रोग्रॅममध्येच एकूण सुमारे अडुसष्ट हजार ओळी आहेत, आणि ओळी मोजून श्रेय मोजता येत नाही. कीर्दीचा असा दुरुपयोग होतो. उद्या एखादा मार्गदर्शक विद्यार्थ्याला विचारील की मंगळवारी तुझी एकही नोंद का नाही. त्या मार्गदर्शकाला आवरले पाहिजे. पण त्यासाठी वही जाळणे हा उपाय नव्हे. आमच्याकडे वही नव्हती, म्हणून कोणाला दोष लागला नाही काय? लागला. जिच्या हाती सत्ता नव्हती तिला लागला.

आणि हे पुण्यात मला समजावून सांगावे लागते याचे नवल वाटते. याच शहरात भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. जो पाठ स्वीकारला तो वर, आणि जे नाकारले ते पाठभेद पानाच्या तळाशी, कोणत्या पोथीतले ते खुणेसह. मोठे प्रक्षिप्त भाग परिशिष्टात. विष्णु सीताराम सुकथनकरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे नको होते तेदेखील त्यांनी फेकले नाही. वाचकाला त्यांच्या निर्णयाशी भांडता यावे याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली. हे काम चिठ्ठ्या-चिठोऱ्यांवर हातांनी झाले. आम्हाला ते यंत्र फुकट करून देत असताना आम्ही 'खरोखर अंतिम' म्हणून फाइल ठेवतो आणि जुनी पुसून टाकतो!

आता एक नवीच तऱ्हा निघाली आहे. प्रोग्रॅम खुला करा असा काही नियतकालिकांचा आग्रह असतो, म्हणून मंडळी निबंध स्वीकारला गेला की प्रोग्रॅम गिटवर चढवतात. मी अशा कीर्दी उघडून पाहतो. मला तो छंद जडला आहे. आत एकच नोंद असते: 'अंतिम'. तीन वर्षांचे संशोधन आणि एक नोंद. हे पुन्हा ते जर्नलच, सुवाच्य अक्षरात उतरलेले ९७९. साधन नवे घेतले आणि खोड जुनीच ठेवली. अशा कीर्दीपेक्षा माझी अडखळत केलेली परवडली. तीत ऑक्टोबर २०२० ची एक नोंद आहे: 'काल जे केले ते चुकीचे होते, परत फिरवतो आहे, कारण अजून कळलेले नाही.' ती नोंद वाचली की मला आमच्या अण्णांचे अक्षर दिसते.

फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक वाचणाऱ्यांना वाटेल, आम्हाला याचे काय? ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी कुठे संशोधन करीत असेल त्यांनी या दिवाळीत ती घरी आली की एवढेच विचारावे: तुझे काम रोज कुठे टिपले जाते, आणि ते तुझ्या नावाने टिपले जाते का? 'सरांच्या संगणकावर' असे उत्तर आले तर काळजी करावी.

समितीने नाही म्हटले, म्हणून मी दर शनिवारी सकाळी संस्थेच्या उपाहारगृहात वर्ग घेतो. सात मुले येतात. आठवा मी. पहिल्या दिवशी मी त्यांना माझी 'ब्लेम'ची ओळ दाखवतो, नावासकट.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता मिळवावयास मला वेळ लागला. ती आता नाशिकजवळ एका शाळेत गणित शिकवते. मी तिला सविस्तर पत्र लिहिले. काय झाले, कसे सापडले, चूक कोणाची होती. नियतकालिकाच्या संपादकांनाही लिहिले की दुरुस्तिपत्रात ही गोष्ट तिच्या नावानिशी नोंदवावी. संपादकांचे उत्तर अद्याप आलेले नाही. तिचे तिसऱ्या दिवशी आले. मला वाटले होते ती रागावेल, किंवा मोठ्या मनाने क्षमा करील. तिने दोन्ही केले नाही. तिने लिहिले होते, "सर, कळवलेत हे बरे केलेत. माझ्या दुरुस्तीच्या नोंदीवर तारीख आणि वेळ काय घातली आहे?"

मी कळवले: ९ मार्च २०११, रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटे.

तिचे उलट उत्तर आले: "बरोबर आहे. त्या रात्री वसतिगृहात वीज गेली होती. बॅटरी संपत आली होती, म्हणून घाईघाईने पाठवली."